हरणीच्या दुधातल्या पेशी

नम्रता इंगोलेला त्या हिवाळ्यात कशाकशाचा वैताग येत होता हे सांगण्यापेक्षा कशाचा येत नव्हता हे सांगणं सोपं. गाईंचा येत नव्हता. बाकी झाडून सगळ्यांचा येत होता.

ती मूळची आर्वीची. अमरावतीला शिकली आणि मग पुण्यात येऊन जैवतंत्रज्ञानात एम.टेक. झाली. तिच्या बरोबरच्या निम्म्या मुली हिंजवडीला संगणकाच्या कंपन्यांत लागल्या आणि थंडगार बसमधून जाऊ-येऊ लागल्या. हिने मात्र कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत चालणारी कंपनी धरली. कंपनी म्हणजे मालक अभिनव खरे, ती स्वतः, एक सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रिज. फ्रिजात दुधाचे नमुने आणि अभिनवचा डबा शेजारी शेजारी असत, आणि त्यावरून आठवड्यातून एकदा तरी वाजायचं.

अभिनव सदाशिव पेठेत वाढलेला. संगणकाच्या एका मोठ्या कंपनीत त्याची पंधरा वर्षं गेली होती. अमेरिकेच्या चार-दोन वाऱ्या झाल्या होत्या, केस विरळ झाले होते, आणि मग एक दिवस ‘आता स्वतःचं काहीतरी’ म्हणून तो बाहेर पडला होता. माणूस हुशार. बोलणं मात्र असं, की समोरच्याला आपण चूक केली हे कळायच्या आधी आपण मूर्ख आहोत हे कळावं.

दोघांचं काम असं होतं. काडेपेटीएवढी, रबरासारख्या पारदर्शक प्लास्टिकची एक वडी. तिला ते चिप म्हणत. तिच्या पोटात चकलीसारखी वेटोळी घेत जाणारी एक नाली, इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना ओरखडा वाटावा. पाणी घालून पातळ केलेलं दूध पंपाने तिच्यात ढकलायचं. वळणावळणांनी पळताना दुधातले मोठे कण आतल्या कडेला सरकतात, लहान कण बाहेरच्या कडेला जातात, आणि शेवटी नालीला फुटलेल्या दोन तोंडांतून दोन्ही वेगवेगळे बाहेर पडतात. लहान असतात ते सायीचे थेंब. मोठ्या असतात त्या गाईच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी. कासेला आतून सूज धरायला लागली की या पेशी दुधात वाढतात. बाहेरून काही दिसायच्या आधी, दूध नासायच्या आधी, गाय हात लावू देईनाशी व्हायच्या कितीतरी आधी. तेव्हा वेगळ्या झालेल्या पेशी कॅमेऱ्याने मोजायच्या आणि गोठेवाल्याला सांगायचं, बाबा रे, या गाईकडे बघ.

हे तिने वडिलांना फोनवर कितीदा समजावलं होतं.

“काय करून राहिली सध्या?” ते दर रविवारी विचारायचे.

“बाबा, दुधातल्या पेशी वेगळ्या करते. लहान-मोठ्या.”

“म्हणजे तांदूळ निवडतेत तसं?”

“तसंच. पण चाळणीशिवाय.”

“मंग चाळणी घे ना बाप्पा! एवढी शिकली तू.”

चाळणी तुंबते, म्हणून तर हा सगळा खटाटोप, हे सांगायला तिने तोंड उघडेपर्यंत वडिलांनी फोन आईकडे दिलेला असायचा.

नमुने यायचे वारज्याच्या पलीकडून, दांगटांच्या गोठ्यातून. तिथलं गाव महापालिकेत आलं, शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. भैरू दांगट आणि त्यांची बायको विजयमाला यांनी नाल्याकडेचा एक तुकडा तेवढा राखला होता. त्यावर पत्र्याचा गोठा होता आणि पाच गाई. चांदी, हरणी, कपिली, तांबू आणि मोरी. उकिरड्याला लागून भैरूआबांची पांढरी मोठी गाडी उभी असायची. आता गाई कशाला, असं मुलगा पृथ्वीराज दर सणाला म्हणायचा. त्यावर विजयमालाकाकू म्हणायच्या, “मग मी काय बाराव्या मजल्यावर बसून टीवी बघू?”

नम्रता आदल्या संध्याकाळी गाईंच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पाच बाटल्या देऊन जायची आणि सकाळी स्कूटरवरून येऊन भरलेल्या घेऊन जायची. प्रत्येक गाईच्या पहिल्या धारा सोडून द्यायच्या आणि मग तिच्या नावाच्या बाटलीत दूध घ्यायचं, हे तिने काकूंना सुरुवातीलाच नीट समजावलं होतं. काकूंनी मान डोलावली होती. सकाळी ती आली की बाटल्या फाटकाशी तयार असायच्या. कुडकुडत उभ्या असलेल्या नम्रताच्या हातात काकू चहाचा पेलाही द्यायच्या.

आता वैतागाचं मूळ. दीड महिना झाला, पाच गाईंचे आकडे एकसारखे येत होते. जवळपास नव्हेत, एकसारखे. चांदीचा जेवढा, तेवढाच हरणीचा. मोरी नुकती व्यालेली, कपिलीचं सहावं वेत, तांबू आटत आलेली. तरी सगळ्यांच्या दुधात पेशी जणू ठरवून सारख्या. एखाद्या दिवशी आकडा वर गेला तर पाचही गाईंचा वर, खाली आला तर पाचही गाईंचा खाली.

“सर, हे शक्य नाही,” ती अभिनवला म्हणाली.

“काय शक्य नाही?”

“पाच गाईंचं दूध इतकं सारखं असणं.”

अभिनवने खुर्ची वळवली. “नम्रता, मागच्या वर्षी चिप रोज वेगळा आकडा देत होती, तेव्हा तू रडत होतीस. आता सारखा देते, तरी तुझं सुतक सुरूच. यंत्र चांगलं चालतंय, या दुःखातून आपण सावरूया का?”

“यंत्राबद्दल बोलतच नाहीये मी. गाईंबद्दल बोलतेय.”

“गाई निरोगी आहेत. निरोगी गाईंचे आकडे कमी असतात. कमी आकडे एकमेकांजवळच असणार.” तो परत पडद्याकडे वळला. “आणि शुक्रवारी डेअरीच्या मॅडम येतायत, तेव्हा हाच तक्ता मी सगळ्यात आधी दाखवणार आहे.”

डेअरीच्या मॅडम म्हणजे तनुजा शितोळे. एका मोठ्या खासगी डेअरीत दुधाच्या गुणवत्तेचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी चिप घेतली तर कंपनी उभी राहणार होती, नाही घेतली तर अभिनवला पुन्हा हिंजवडीची बस धरावी लागणार होती. तसं तो बोलून दाखवत नसे, पण आठवडाभर त्याची दाढीसुद्धा चिडून केल्यासारखी दिसत होती. गोठ्यातलं कोणीतरी हवं, खरा वापरणारा बोलला की वजन पडतं, म्हणून त्याने विजयमालाकाकूंनाही शुक्रवारचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं.

बुधवारी नम्रताने कोणाला न सांगता गजर तासभर अलीकडे लावला.

ती गोठ्यावर पोचली तेव्हा उजाडायचं होतं. धुकं नाल्यावरून वर येत होतं, समोरच्या इमारतीत कुठेकुठे स्वयंपाकघरांचे दिवे लागत होते. काकू चांदीखाली बसल्या होत्या. पाचही बाटल्या शेजारी विटेवर ओळीने मांडलेल्या. नम्रता फाटकाशीच थांबली. काकूंनी चांदीची बादली भरत आणली, उठल्या, कंबरेला हात लावून ‘आई गं’ म्हणाल्या, आणि त्याच बादलीत वाटी बुडवून चांदीची बाटली भरली. मग हरणीची. मग कपिलीची. मग तांबूची. मग मोरीची. मोरी तिकडे कोपऱ्यात निवांत रवंथ करत बसली होती.

“काकू!”

काकू दचकल्या. वाटी बादलीत पडली. “अगं बया! केवढ्यानं वरडती! लवकर कशी आज?”

“काकू, हे काय करताय?”

“बाटल्या भरते. दिसत न्हाई व्हय?”

“पाचही चांदीच्याच दुधानं?”

“मग? दूध दूधच की.”

नम्रताने हरणीची बाटली उचलून पुढे धरली. “काकू, प्रत्येक गाईचं वेगळं घ्यायचं सांगितलं होतं ना मी? चिठ्ठ्या कशाला लावते मी बाटल्यांना?”

“अगं, चांदी पहिली पिळते मी. बाकीच्या पिळून व्हायला आठ वाजत्यात. तू थंडीची गाडीवर उभी ऱ्हाणार, तुझं ओठ निळं पडल्यालं असत्यात. म्हनलं, पोरीला कशाला ताटकळत ठेवा?” काकूंचा आवाज आता जरा उतरला. “काय वाईट झालं का?”

“कधीपासून करताय असं?”

“कवापासून म्हंजे? पयल्यापासून.”

नम्रता शेणकुटांच्या ढिगाशेजारी पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसली. दीड महिना. रोजची पहाट, रोजच्या पाच बाटल्या, रोज दुपारपर्यंत डोळे फोडून मोजलेल्या पेशी. सगळ्या एका चांदीच्या. आणि हे कोणी दुष्टपणाने केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. काकूंनी केलं होतं मायेपोटी. मायेशी कसं भांडायचं?

“चहा टाकू?” काकूंनी विचारलं.

“नको,” नम्रता म्हणाली. मग म्हणाली, “टाका. मी थांबते. आज एकेकीचं माझ्यासमोर काढायचं.”

आठ वाजेपर्यंत ती तिथे उभी राहिली. पहिल्या धारा सोडल्या, बाटल्या स्वतः धरल्या, बुचं स्वतः लावली. हरणीने एकदा पाय आपटला. “नाठाळ हाय जरा,” काकू म्हणाल्या.

कंपनीत आल्या आल्या तिने अभिनवला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे दीड महिना आपण एकाच गाईची आरती ओवाळतोय.”

“हो.”

“आणि हे तुला आज कळलं.”

“मी महिनाभर सांगतेय की काहीतरी चुकतंय!”

“काहीतरी चुकतंय हे तर माझी आईही सांगते. रोज.” त्याने कपाळ चोळलं. “ठीक आहे. शुक्रवार होऊ दे. तक्ता दाखवू. नंतर नमुने नव्याने घेऊ आणि सुधारून पाठवू.”

“तक्ता खोटा आहे, सर.”

“आकडे खोटे नाहीत. चिपने मोजलेत. गाईंची नावं चुकलीत.”

“गाईंची नावं चुकलीत म्हणजेच तक्ता खोटा आहे!”

“आवाज खाली. वर घरमालक पूजा करतायत.”

“करू देत! त्यांना तरी कळू दे इथे काय चाललंय ते.”

अभिनवने तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा वैतागलेला होता, पण त्या वैतागाच्या मागे तो घाबरला होता, आणि ते नम्रताला पहिल्यांदाच दिसलं. “तुझ्याकडे आजचे खरे नमुने आहेत ना?” तो म्हणाला. “मग लाव. बोलत काय बसलीस?”

तिने नमुने लावले. चांदीचं दूध नेहमीसारखं सरसर गेलं. कपिलीचा आकडा चांदीपेक्षा जास्त आला, मोरीचा त्याहून थोडा जास्त, तांबूचा आणखी वेगळा. असेच यायला हवे होते. नम्रताला दीड महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मग तिने हरणीचं दूध लावलं, आणि पंप कुरकुरला, नळी फुगली, नाली दुसऱ्याच वेटोळ्यात तुंबली.

तिने ती चिप फेकून दुसरी घेतली. दूध आणखी पातळ केलं. तुंबली. तिसरी घेतली, पंपाचा वेग कमी केला, देवाचं नाव घेतलं. तिसरीही तुंबली, आणि नळी निसटून पातळ दुधाची चिळकांडी थेट तिच्या चष्म्यावर उडाली.

“चाळणी,” ती स्वतःशीच म्हणाली. “चाळणी घे ना बाप्पा!”

“काय?” आतून अभिनव ओरडला.

“काही नाही!”

एक एक चिप घडवायला तिला दोन दिवस लागत. शुक्रवारसाठी राखलेल्या थोड्याशाच होत्या आणि त्यातल्या तीन एका गाईने खाल्ल्या. संध्याकाळी तिने शेवटी तुंबलेली चिप सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वाटलं होतं धूळ असेल, गवताची काडी असेल. तिथे होत्या पेशीच पेशी. एकमेकींना चिकटलेल्या, मधून चिकट धागे सुटलेले, नालीत बोळा बसावा तशा बसलेल्या. इतक्या पेशी तिने आजवर एका जागी पाहिल्या नव्हत्या.

तिने लगेच काकूंना फोन केला. “काकू, हरणीला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. तिची कास तपासायला सांगा.”

“हरणीला काय धाड भरलीय? चांगली खाती-पिती.”

“काकू, माझ्यासाठी दाखवा.”

गुरुवारी सकाळी डॉक्टर आले तेव्हा नम्रता तिथेच होती. डॉक्टर तरुण होते, मोटरसायकलवरून आले आणि घाईत होते. त्यांनी पिशवीतून चार खणांची एक पांढरी थाळी काढली, चारही सडांचं थोडं थोडं दूध चार खणांत घेतलं, वरून जांभळट द्रावण टाकलं आणि थाळी हाताने गोल गोल फिरवली. दोन खणांतलं दूध दुधासारखंच राहिलं. दोन खणांतलं बघता बघता घट्ट झालं, डिंकासारखं, थाळी तिरकी केली तरी सुटेना.

“आहे सूज,” डॉक्टर म्हणाले. “बाहेरून दिसत नाही अजून, पण आहे. बरं झालं आत्ताच कळलं. तुम्हाला कसा संशय आला?”

“माझं यंत्र तुंबलं,” नम्रता म्हणाली.

“कसलं यंत्र?”

तिने थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी कौतुकाने ऐकलं आणि हातातली थाळी नळाखाली धुतली. “छान आहे. पण आम्हाला हे पुरतं बघा,” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम.”

नम्रताला ती थाळी घेऊन नाल्यात भिरकवावीशी वाटली. पण डॉक्टरांचं उत्तर तिच्याकडे होतं. थाळी बोलते ती पेशी खूप वाढल्यावर. चिपला त्या चढताना दिसल्या असत्या, आज थोड्या, उद्या आणखी थोड्या, कितीतरी आधीपासून. हेच तर तिला शुक्रवारी दाखवायचं होतं. हरणीला सूज धरत होती तो सगळा काळ तिच्या नावाची बाटली रोज नम्रताच्या हातात येत होती. आणि त्या बाटलीत रोज चांदीचं दूध होतं. दाखवण्यासारखी एकच गोष्ट त्या दीड महिन्यात घडली होती, आणि नेमकी तीच मोजायची राहिली होती.

ती परत आली, अभिनवला हे सांगितलं, आणि तक्ता दाखवायचा नाही असं पुन्हा एकदा बजावलं. तो फक्त म्हणाला, “बघू.” हा ‘बघू’ तिच्या ओळखीचा होता. फ्रिजात डबा ठेवू नका म्हटल्यावरही तो हेच म्हणायचा.

शुक्रवारी तनुजा शितोळे अगदी वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, हातात छोटी वही. त्यांच्या मागोमाग विजयमालाकाकू आल्या, जरीकाठाची साडी, नाकात नथ, पृथ्वीराजच्या गाडीतून. अभिनवने सगळ्यांना खुर्च्या दिल्या, भिंतीवर पडदा लावला, आणि चिपबद्दल बोलायला लागला. बोलायचा तो चांगलाच. नम्रताने क्षणभर मान्य केलं, हा माणूस उगीच एवढी वर्षं टिकला नाही.

मग पडद्यावर तक्ता आला. पाच गाई, पाच रेषा, एकमेकींना बिलगून चाललेल्या.

नम्रताने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“हे प्राथमिक आकडे आहेत,” तो भराभरा म्हणाला. “यात अजून काम करायचंय. पण यंत्राचा एकसारखेपणा बघा. आणि या दांगटकाकू, यांच्याच गोठ्यातल्या गाई. काकू, तुम्ही सांगा ना, तुमचा अनुभव काय?”

काकूंनी पदर सावरला. चारचौघांत बोलायची त्यांना सवय असावी, गावात कधीतरी पंचायतीत होत्या. “अनुभव चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “पोरगी लई कष्टाळू हाय. पहाटं येती, थंडी न्हाई, वारा न्हाई. मला बघवंना, म्हणून मी आपली चांदीचंच दूध पाची बाटल्यांत भरून ठिवायची. आता बुधवारी मला बोलली ती, आणि बरोबर बोलली, माझंच चुकलं. पण तिनं यंत्रात बघून हरणीचं दुखणं वळखलं, त्ये मातर खरं हाय. डॉक्टरबी तसंच म्हणला.”

अभिनवच्या हातातला रिमोट तसाच पडद्याकडे रोखलेला होता.

तनुजाबाईंनी वहीतून डोकं वर काढलं. “पाची बाटल्यांत?” त्यांनी काकूंना विचारलं.

“व्हय. एकाच बादलीतलं.”

तनुजाबाई पडद्याकडे वळल्या, पाच रेषा बघितल्या, आणि त्यांच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. मग त्यांनी नम्रताला विचारलं, “तुम्हाला बुधवारी कळलं?”

“हो, मॅडम.”

“आणि यांना?”

नम्रताने अभिनवकडे पाहिलं. अभिनवने खाकरून घसा साफ केला. “मलाही बुधवारीच,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा झाला होता. “तक्ता दाखवू नका म्हणून ती दोन दिवस डोकं फोडतेय. मी ऐकलं नाही.”

“हं,” तनुजाबाई म्हणाल्या. “बंद करा तो पडदा. खरं काय असेल ते दाखवा.”

खरं फार थोडं होतं. चार गाईंचे एका दिवसाचे आकडे आणि एक तुंबलेली चिप. नम्रताने ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तनुजाबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. तिने सांगितलं, की सुजलेल्या कासेचं दूध चिपमध्ये तुंबतं, म्हणजे ज्या गाईसाठी चिप केली तिलाच ती चालत नाही. त्यासाठी आधी गुठळ्या मोडाव्या लागतील आणि ते अजून जमलेलं नाही. आणि सूज चढताना पेशी वाढताना दिसतात, असं तिला वाटतं, पण दाखवायला तिच्याकडे काही नाही. हे बोलताना तिला इतका वैताग आला होता की लाजायला जागाच उरली नाही.

“म्हणजे आज माझ्यासाठी घेण्यासारखं तुमच्याकडे काही नाही,” तनुजाबाई म्हणाल्या.

“नाही,” नम्रता म्हणाली.

“निदान हे तरी स्पष्ट कळलं. मला वर्षभरात अशी दहा यंत्रं दाखवतात. कुठलंच कधी तुंबत नाही. गोठ्यावर नेलं की मग तुंबतं.” त्यांनी वही बंद केली. “आमचा एक गोठा आहे दौंडकडे. पुष्कळ गाई आहेत. तिथे येऊन काम करा. वचन काही देत नाही मी. एकच अट. नमुना घेताना तुमचं माणूस समोर उभं पाहिजे. बाटल्या देऊन निघून जायचं नाही.”

“जाणार नाही,” नम्रता म्हणाली, आणि लगेच तिच्या मनात आलं, दौंड! पहाटे दौंडला पोचायचं म्हणजे निघायचं कधी?

तनुजाबाई गेल्या. काकूही गेल्या, जाताना नम्रताच्या पाठीवरून हात फिरवून. अभिनव पडद्याची दोरी गुंडाळत उभा होता.

“काकूंना इथे बोलावलं कोणी?” तो म्हणाला.

“तुम्ही.”

“हो. ते आठवतंय मला.” दोरी पूर्ण गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, “दौंडला मी येईन. एक दिवसाआड आपण वाटून घेऊ. गाडी माझी.”

ही माफी होती की नाही, नम्रताला ठरवता येईना. पुण्यात अशीच मिळत असेल, असं धरून तिने ती घेतली. “येताना सॅन्डल नकोत,” ती म्हणाली. “शेण असतं.”

दौंडचं काम सुरू झालं आणि सोपं अजिबात नव्हतं. अभिनवला पहिल्याच आठवड्यात एका गाईने लाथ मारली, आणि त्यानंतर बाटलीवरचं नाव तो दोनदा वाचायला लागला. नम्रताने चिपच्या आधी गुठळ्या मोडणारं एक द्रावण बसवायला घेतलं. सात वेळा फसलं. आठव्यांदा सुजलेलं दूधही वेटोळ्यांतून वाहिलं, अडखळत, पण वाहिलं, आणि मोठ्या पेशी आतल्या तोंडातून निमूट बाहेर आल्या. ती एकटीच होती खोलीत. तिने मोठ्याने एक शिवी हासडली आणि मग टेबलावर डोकं टेकून जरा वेळ पडून राहिली.

दांगटांच्या गोठ्यावर जाणं तिने सोडलं नव्हतं. हरणीच्या सडांत औषध सोडणं चाललं होतं, तिचं दूध वेगळं काढून ओतून दिलं जात होतं. औषध संपून काही दिवस झाल्यावर नम्रता सकाळी जाऊन समोर उभी राहिली, हरणीच्या चारही सडांचं दूध तिने स्वतः घेतलं, कंपनीत आणलं, चिपमधून सोडलं. आकडा खाली आला होता. चांदीच्या जवळपास. तिने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं, आणि मग फोन लावला.

“काकू, हरणी बरी आहे. दूध चालेल आता.”

“व्हय,” काकू म्हणाल्या. “म्हाईत हाय.”

“म्हणजे?”

“डॉक्टर कालच थाळी फिरवून गेला. बरी हाय म्हणला.”

“मग सकाळी मी आले तेव्हा सांगितलं का नाही? मी दुपारपर्यंत मोजत बसले ना काकू!”

“तुझं काम हाय ना त्ये,” काकू म्हणाल्या. “म्हनलं, करू दे.”

नम्रताने फोन ठेवला. मग आकडा लिहून ठेवला, चिप धुवायला घेतली, आणि फ्रिज उघडला तर नमुन्यांच्या पुढे अभिनवचा डबा होता.

“सर!” ती ओरडली.

“बघू!” आतून उत्तर आलं.